बेनीथाची फी

अमेरिकेतल्या काळ्यांच्या वाङ्मयावर आपल्याकडं पुष्कळ बोलून झालं आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीच मुळी ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. त्याच्या मागंपुढं डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या माणसांनी तिकडचं साहित्य मराठीत समजावून सांगितलं. ठीक. पण दोस्तहो, त्यातून आपण उचललं काय? मूठ उचलली, संताप उचलला. आणि तो सगळा बाप्याचा संताप. एक पोरगी मात्र तिकडंच राहिली. वय वीस, लग्न केलेलं नाही, करायची घाई नाही, डॉक्टर व्हायचंय. शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका कोंदट खोलीत ती भावाशी भांडत बसलेली आहे. तिचं नाव बेनीथा यंगर.

लोरेन हॅन्सबेरी हिच्या 'अ रेझिन इन द सन' या नाटकातली ही पोरगी. नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ११ मार्च १९५९ ला लागलं. ब्रॉडवेवर काळ्या बाईनं लिहिलेलं नाटक येण्याची ती पहिलीच वेळ. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्सही काळा. प्रयोग ५३० झाले, आणि त्या साली न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचं उत्कृष्ट नाटकाचं पारितोषिक लोरेनला मिळालं. ते घेणारी पहिली काळी लेखक तीच. वय अजून तिशीच्या आत. मी हे नाटक रातपाळी करून आल्यावर डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. एक-एक पान दोन-दोनदा. म्हणून सावकाश बोलतो.

गोष्ट अशी. अपुऱ्या जागेत पाच माणसं. म्हातारी लेना जन्मभर गोऱ्यांच्या घरी कामं केलेली. थोरला मुलगा वॉल्टर ली गोऱ्या साहेबाची गाडी चालवतो. त्याची बायको रूथ लोकांची धुणी धुते, इस्त्री करते. त्यांचा पोरगा ट्रॅव्हिस बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो. संडास-बाथरूम बाहेर, शेजाऱ्यांशी सामाईक. सकाळी कोण आधी जातो यावरूनच नाटक सुरू होतं. (हा प्रसंग समजायला आपल्याला कुणा प्राध्यापकाची प्रस्तावना लागत नाही.) म्हातारा मेला, त्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर येणार आहेत. प्रत्येकाची नजर त्या चेकवर. वॉल्टरला दारूचं दुकान टाकायचंय. आईला घर पाहिजे. बेनीथाला मेडिकलची फी.

आई साडेतीन हजार डॉलर भरून गोऱ्यांच्या वस्तीत, क्लायबोर्न पार्कमध्ये, घर ठरवते. उरलेले साडेसहा हजार मुलाच्या हातात देते आणि बजावते, यातले तीन हजार बहिणीच्या शिक्षणासाठी बँकेत टाक, बाकीचं तू बघ. हा शहाणा सगळेच्या सगळे विली हॅरिस नावाच्या भागीदाराच्या हवाली करतो. विली पळतो. इकडं गोऱ्या वस्तीचा माणूस, कार्ल लिंडनर, गोड बोलून सांगायला येतो की तुम्ही येऊ नका, आम्ही पैसे देतो. वॉल्टर आधी ते पैसे घ्यायला निघतो, मग पोराच्या देखत मान वर करून नाही म्हणतो. बिऱ्हाड निघतं. पडदा.

टाळ्या पडतात त्या वॉल्टरला. माझ्याही अंगावर काटा आला. तो काटा खोटा नाही. पण नंतर हिशेब करत बसलो. कामगाराला सवय असते, पगाराच्या कागदावर कुठली रक्कम कापली ते आधी बघायची. घराचे साडेतीन हजार घराला लागले. वॉल्टरचे गेले, त्यानंच घालवले. आणि ते तीन हजार, ज्याच्यावर बहिणीचं नाव होतं, त्याचं काय? नाटक संपताना त्याच्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. भाऊ माफी मागत नाही. आई म्हणते, आज माझा पोरगा पुरुष झाला. झाला असेल. त्याची किंमत कुणाच्या खात्यातून गेली हे विचारायला नको काय?

आजवरच्या बहुतेक समीक्षेनं ते विचारलं नाही. बेनीथा म्हणजे फटकळ, थोडी छंदीफंदी, हसवणारी पोरगी, अशी तिची वासलात लावतात. त्याला आधार म्हणून नाटकातलंच दाखवतात. हिनं फोटोग्राफीचा नाद केला, सोडला. घोड्यावर बसायला शिकायचं म्हणून पंचावन्न डॉलरचा पोशाख घेतला, तो कपाटात लटकतोय. आता गिटार. आई आणि वहिनी हसतात, प्रेक्षकही हसतो. आता पंचावन्न डॉलर एका बाजूला ठेवा आणि साडेसहा हजार दुसऱ्या बाजूला. बहिणीनं घालवले तर विनोद, भावानं घालवले तर शोकांतिका. गरिबाच्या पोरीनं चार गोष्टी करून बघितल्या, त्यातल्या तीन सोडल्या, यात हसण्यासारखं काय आहे? श्रीमंताची पोरगी हेच करते तेव्हा त्याला व्यक्तिमत्त्वाचा विकास म्हणतात.

तिला डॉक्टर का व्हायचंय ते लेखिकेनं फार चांगलं सांगितलं आहे. लहानपणी बर्फावरून घसरत खेळताना रूफस नावाच्या पोराचं तोंड फाटलं. हिला वाटलं, मेला. त्याला नेलं, शिवलं, आणि तो परत आला, चेहऱ्यावर फक्त एक रेघ. माणूस फाटला तर शिवता येतो, हे तिनं डोळ्यांनी बघितलं. यात नाव काढायचं नाही, बंगला बांधायचा नाही. आणि पैसे गेल्यावर हीच पोरगी म्हणते की मला आता त्या सगळ्याचं काही वाटत नाही. मला तो प्रसंग वॉल्टरच्या रडण्यापेक्षा भयंकर वाटतो. वॉल्टर ओरडतो, गुडघ्यावर येतो. ही नुसती बसून बोलते.

आता तिचे दोघे. लग्नाचा विषय आल्याशिवाय एकट्या पोरीची गोष्ट कुणी लिहीत नाही, लोरेननं पण लिहिली नाही. पण तिनं दोघांनाही सोडलं नाही. एक जॉर्ज मर्चिसन. काळाच, पण पैशावाल्याचा पोरगा. कॉलेजात जातो, पांढरे बूट घालतो, वॉल्टरला हिडीसफिडीस करतो. बेनीथाला सांगतो की तुझे विचार ऐकायला मी तुला फिरायला नेत नाही, तू दिसायला बरी आहेस तेवढं पुरे. दुसरा असागाई. नायजेरियाचा, तिथं इंग्रजांचं राज्य जायच्या बेतात आहे आणि हा त्या लढाईतला. शिकलेला, गोड बोलणारा, पुरोगामी. बेनीथाला आफ्रिकेचा पोशाख आणून देतो. तिला एक नाव देतो, त्याचा अर्थ असा की नुसत्या भाकरीनं जिचं भागत नाही अशी. आपल्याला वाटतं, भेटला माणूस! आणि तोच म्हणतो की बाईला प्रेम मिळालं म्हणजे पुरे झालं. बेनीथा तिथल्या तिथं सुनावते की हे पुरुषांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांत असतं.

तिला भेटलेला हा दुसरा माणूस जास्त अवघड आहे. मर्चिसनला नाकारणं सोपं. पण जो आपल्याच लढ्यातला, ज्याचं भाषण ऐकून आपण उठलो, तो घरात आल्यावर काय म्हणतो? आपल्या सभांत स्टेजवर जे माईक धरतात त्यांनी हा प्रवेश मोठ्यानं वाचावा. नावं घेत नाही. ज्याची त्याला कळेल.

पण असागाईवर लेखिका अन्याय करत नाही, आणि इथं ती मला मोठी वाटते. पैसे गेले म्हणून बेनीथा तडफडते तेव्हा तोच तिला विचारतो: ते पैसे तुझे होते का? तू कमावले होते? तुझा बाप मेला नसता तर? ज्या घरात सगळ्यांची स्वप्नं एका माणसाच्या मरणावर टांगलेली असतात त्या घराचं काहीतरी चुकलंय, असा त्याचा मुद्दा. बरोबर आहे. बेनीथाची स्वतंत्र मान कुणाच्या खांद्यावर उभी आहे? बापाचं मरण, आईची धुणीभांडी, आणि सगळ्यात जास्त रूथ. ही रूथ पोटात दुसरं मूल असताना, आणखी एक तोंड कशाला म्हणून गर्भ पाडणाऱ्या बाईकडं पाच डॉलर आगाऊ देऊन येते. त्याच घरात नणंद गिटारवर बोलत असते. लोरेननं या दोन बायका समोरासमोर उभ्या केल्या आणि कुणालाही खोटं ठरवलं नाही. एकट्या, शिकणाऱ्या, पुढं जाणाऱ्या पोरीची गोष्ट लिहायची तर इस्त्री करणाऱ्या वहिनीला त्याच खोलीत ठेवून लिहावी लागते. आपल्याकडच्या 'ती कशी जिद्दीनं शिकली' छाप लेखांत ही वहिनी कुठं असते?

आता लेखिकेकडं वळतो, कारण बेनीथा म्हणजे आठ वर्षांपूर्वीची मीच, असं तिनं स्वतः सांगितलं आहे. ते अर्धंच खरं. लोरेन १९३० ची, शिकागोचीच, पण खोलीतली नव्हे. तिचा बाप कार्ल हॅन्सबेरी जमीनजुमल्याच्या धंद्यातला, मोठ्या जागा पाडून लहान-लहान खोल्या भाड्यानं देणारा. म्हणजे यंगर कुटुंब ज्या प्रकारच्या खोलीत राहतं तसल्या खोल्यांचं भाडं हॅन्सबेरींच्या घरी यायचं. वर्गानं ती मर्चिसनच्या बाजूची. आणि तिनं मर्चिसनलाच सगळ्यात वाईट सोललं! 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी याचा विचार करावा. मीही तेच म्हणतो. पण जळण्याचा एक भाग तिच्याही वाट्याला आला होता. बापानं १९३७ साली गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं, जमाव चालून आला, फेकलेला दगड पोरीला लागता लागता राहिला. आई रात्री पिस्तूल घेऊन जागी असायची. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९४० साली हॅन्सबेरींच्या बाजूनं लागला. काळ्याच्या खिशात पैसे आले म्हणून वीट चुकत नाही, हे तिला सातव्या-आठव्या वर्षी कळलं.

पुढं कॉलेज अर्धवट सोडून न्यूयॉर्कला आली, पॉल रोबसनच्या 'फ्रीडम' या पत्रात काम केलं. १९५२ साली रोबसनचा पासपोर्ट सरकारनं अडवलेला होता म्हणून त्याच्या जागी माँटेव्हिडिओच्या शांतता परिषदेला गेली. परत आल्यावर हिचाही पासपोर्ट गेला. १९५३ मध्ये रॉबर्ट नेमिरॉफशी लग्न. त्यानं मित्राबरोबर लिहिलेलं एक गाणं १९५६ मध्ये चाललं, त्याच्या पैशावर हिला नोकऱ्या सोडून लिहायला वेळ मिळाला. १९५७ मध्ये दोघं वेगळी झाली, मैत्री मात्र शेवटपर्यंत. कागदावरचा घटस्फोट १९६४ चा. त्याच १९५७ मध्ये तिनं 'द लॅडर' या, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांच्या मासिकाला पत्रं पाठवली. खाली पूर्ण नाव नाही, नुसती आद्याक्षरं.

म्हणजे बघा. ब्रॉडवेवर नाव झळकतंय, वर्तमानपत्रवाले दारात आहेत, सगळ्या काळ्या अमेरिकेची ती लेक झालेली आहे. आणि आपण कोण, कुणावर आपला जीव, हे मात्र दोन-तीन अक्षरांत लिहावं लागतं. यश मिळालं की माणूस मोकळा होतो म्हणतात. तिच्या बाबतीत उलटं झालेलं दिसतं. पूर्ण जातीचा, वंशाचा भार ज्या एका पोरीच्या डोक्यावर ठेवला जातो तिला चुकायची सोय नसते, वेगळं असायची तर नाहीच नाही. आपल्याकडं पहिली डॉक्टरीण, पहिली कलेक्टरीण झालेल्या पोरींना विचारा. वस्तीत सत्कार होतो, फ्लेक्स लागतो, आणि दुसऱ्याच दिवशी विचारतात, लग्नाचं काय?

लोरेन १२ जानेवारी १९६५ ला कॅन्सरनं गेली. वय चौतीस. त्याच्या आदल्या वर्षी ती लिहिणाऱ्या काळ्या पोरापोरींपुढं बोलली होती. त्या भाषणातल्या तिच्या शब्दांवरून तिची मैत्रीण नीना सिमोन हिनं वेल्डन अर्वाइनबरोबर १९६९ मध्ये गाणं केलं. ते जगभर गेलं.

नाटकाचं काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. वॉल्टरचं काम करणाऱ्या सिडनी पॉइतिएनं आठवणींत लिहिलं आहे की तालमीच्या काळात वाद होता, नाटक आईच्या बाजूनं चालवायचं की मुलाच्या. आई की मुलगा. बेनीथाचा पक्ष त्या वादात नव्हताच. मूळ संहितेत ती असागाईच्या एका टोमण्यावरून केस सरळ करणं सोडून देते, डोक्यावर जसे उगवतात तसे केस घेऊन मर्चिसनपुढं उभी राहते. १९५९ च्या प्रयोगात हा भाग कापला गेला. काम करणाऱ्या डायना सँड्सच्या चेहऱ्याला ती ठेवण शोभत नाही असं ठरलं म्हणे! बाईनं स्वतःच्या डोक्याबद्दल घेतलेला निर्णय, आणि तो दिसायला बरा नाही म्हणून काढला. पुढच्या आवृत्त्यांत तो परत आला. त्या घराचं पुढं काय झालं यावर ब्रूस नॉरिस या गोऱ्या लेखकानं 'क्लायबोर्न पार्क' लिहिलं, त्याला २०११ चं पुलित्झर मिळालं. बेनीथाचं काय झालं हे रंगमंचावर यायला २०१३ उजाडलं. क्वामे क्वेई-आर्मा यानं 'बेनीथाज प्लेस' लिहून तिला आधी नायजेरियाला नेलं आणि मग अमेरिकेत प्राध्यापक केलं. चांगलं केलं. तरी फी कुणी भरली ते माझ्या मनातून जात नाही.

लोरेननं ते जाणूनबुजून उघडं ठेवलं असावं असं मला वाटतं. पुरावा नाटकाच्या शेवटातच आहे. सामान खाली चाललंय, वॉल्टर आत्ताच मोठा झालेला आहे, आणि बेनीथा सांगते की असागाईनं मला आफ्रिकेला चल म्हटलंय, तिथं मी डॉक्टरी करीन. हा नवा झालेला पुरुष काय म्हणतो? म्हणतो, ते खूळ काढ डोक्यातून, पैशावाला बघ, त्या मर्चिसनशी लग्न कर. ती खवळते. दोघं भांडत-भांडत जिना उतरतात, भांडण खालून ऐकू येत राहतं, आणि वर म्हातारी आपलं कुंडीतलं झाड घ्यायला मागं वळते. गोऱ्यापुढं ताठ झालेला माणूस पाच मिनिटांत बहिणीपुढं जुनाच निघाला. लेखिकेला हे दिसलं नसतं तर तिनं ते भांडण शेवटच्या पानावर ठेवलंच नसतं.

आपल्यातल्या कुणी हे नाटक मराठीत आणून वस्तीत करणार असेल, तर दोन गोष्टी सांगतो. केसांचा प्रवेश कापू नका. आणि ते शेवटचं भांडण दोघांच्या आवाजात नीट ऐकू येईल असं करा, टाळ्यांत बुडू देऊ नका. बेनीथाचं काम करायला पोरगी मिळत नाही अशी तक्रार घेऊन माझ्याकडं येऊ नका. तालमीची वेळ रात्री अकराची ठेवली तर ती कशी मिळेल?