अद्भुताची विश्वसनीयता

जे कधी घडले नाही व घडणे शक्यही दिसत नाही, ते सुबुद्ध वाचक घटकाभर खरे का मानतो, हा साहित्यशास्त्रातील जुनाच प्रश्न आहे. शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य असूनही पटणारी गोष्ट कवीने पत्करावी, असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. आपल्याकडे भरताने अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय मानला; परंतु विस्मयास विश्वासाची भूमी लागते. ती नसेल तर उरते ते केवळ हसू.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात अद्भुताची ओढ प्रबळ होती. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली व रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. आज त्या नेटाने वाचवत नाहीत, याचे कारण त्यांत अद्भुत आहे हे नव्हे, तर त्या अद्भुतास आवर नाही हे होय. ज्या जगात काहीही घडू शकते, त्या जगात कोणाचीच काळजी वाटत नाही.

यावर तोडगा म्हणून हल्लीचे काही लेखक शास्त्राचे नाव घेतात. पूर्वी जेथे मंत्र असे तेथे यंत्र आणून ठेवले की कथा विश्वसनीय झाली, अशी त्यांची समजूत दिसते. ही समजूत किती अपुरी आहे, हे आमच्याच करवीर नगरीत १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या लेखनावरून कळते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, पत्नीच्या हस्ताक्षरात पाठविली. शास्त्रज्ञाच्या कीर्तीचा आधार न घेता कथेने आपल्या बळावर उभे राहावे, अशीच ही व्यवस्था होती. आणि पारितोषिक कथेस मिळाले.

त्यांचे कौशल्य ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विशेष दिसते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका निराळ्याच हिंदुस्थानात जाऊन पडतात. तेथे १७६१ सालच्या पानिपतावर मराठे जिंकले आहेत. लेखक वाचकाकडे एवढी एकच अशक्य गोष्ट मागतो. विश्वासरावांस लागलेली गोळी तेथे कानाजवळून निघून गेली; पुढचे सारे त्यातूनच निघते. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अद्याप नांदते आहे, आणि पुत्राच्या कचेरीत चौकशी करावी तर त्या नावाचा मनुष्यच तेथे नाही. राज्ये पालटल्याच्या वर्णनाहून ही शेवटची घरगुती बाब मनास अधिक झोंबते. जग बदलल्याची खूण बापास मुलाच्या नावात सापडावी, यात सारे मर्म आहे.

दुसरे असे की, साक्षीदार म्हणून लेखकाने संशयी व्यवसायाचा मनुष्य निवडला. वाचकाच्या मनात येणारी शंका गंगाधरपंतांस आधी येते. ते एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन इतिहास कोठे फिरला हे स्वतः शोधतात. पात्रच शंका घेते, तेव्हा वाचकास ती घेण्याचे कारण उरत नाही.

दोषही सांगितला पाहिजे. अखेरीस गणित व पदार्थविज्ञान यांच्या आधारे जो उलगडा केला आहे, तेथे कथा थबकून व्याख्यान सुरू होते. तो उलगडा बुद्धीस तृप्त करतो. परंतु विश्वास त्याआधीच बसलेला असतो. किंबहुना तो बसलेला असतो म्हणूनच आपण व्याख्यान ऐकून घेतो. हा क्रम नवोदितांनी उलटा धरू नये.

हा प्रश्न केवळ मनोरंजनाचा नाही. पानिपत हे आपल्या मनातील न भरलेले शल्य आहे. त्यावर सुखस्वप्नाचा लेप लावणे सोपे, आणि पूर्वजांच्या सामर्थ्याच्या निराधार गोष्टी इतिहास म्हणून खपविणे त्याहून सोपे. प्रामाणिक अद्भुतकथा आपले असत्य आरंभीच पुढ्यात ठेवते आणि पुढे हिशेब चोख राखते. खोटा इतिहास आपले असत्य लपवितो. ज्या वाचकास पहिलीने पुरावा मागावयास शिकविले, तो दुसऱ्यास सहसा फसत नाही. गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान तरी होते. तेवढे पान जो दाखवू शकत नाही, त्याच्या पानिपतावर विश्वास का ठेवावा?