मॅग्नेटो : खलपुरुषाचे पूर्ववृत्त आणि सामर्थ्य

धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायक लोभी, धीरोद्धत आणि पापाचरणी असतो असे म्हटले आहे. तो तसा का झाला, हा प्रश्न या लक्षणाच्या कक्षेत येत नाही. नायकाच्या उत्कर्षासाठी जो विरोध हवा, तो उभा राहिला की लक्षणकाराचे काम संपते. अर्वाचीन वाङ्मयाने मात्र खलपुरुषाच्या पापाचे मूळ शोधण्याचा ध्यास घेतला. अभिजात साहित्याच्या वेशीबाहेर वाढलेल्या अमेरिकन चित्रकथेलाही अखेर त्या वाटेने जावे लागले. याचे सर्वांत विचारार्ह उदाहरण म्हणजे मॅग्नेटो.

सप्टेंबर १९६३ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्याला प्रथम रंगभूमीवर आणले. जन्मतःच विलक्षण शक्ती घेऊन आलेले ‘म्यूटंट’ हे या मालिकेचे विश्व. चुंबकशक्तीवर मॅग्नेटोचे प्रभुत्व आहे. त्या बळावर तो एका क्षेपणास्त्रतळाचा ताबा घेतो, आणि मानवजातीचे राज्य संपले, आता श्रेष्ठ जातीचे राज्य येणार, अशी घोषणा करतो. हा मॅग्नेटो धनंजयाच्या लक्षणात पुरता बसतो. त्याला सामर्थ्य आहे, महत्त्वाकांक्षा आहे. भूतकाळ मात्र नाही. किंबहुना वंशश्रेष्ठत्वाची त्याची भाषा ज्यांची आठवण करून देते, त्यांच्या पराभवाला तेव्हा दोन दशकेही लोटली नव्हती. ली आणि कर्बी हे दोघेही ज्यू कुटुंबांत जन्मलेले होते, हे ध्यानात घेता हे साम्य सहज आले असेल असे वाटत नाही.

या व्यक्तिरेखेला भूतकाळ मिळाला तो अठरा वर्षांनी. १९८१ च्या दीडशेव्या अंकात लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी मॅग्नेटोला जगातील राष्ट्रांसमोर उभे केले. अण्वस्त्रे टाका, अन्यथा विनाशाला सिद्ध व्हा, अशी त्याची मागणी आहे. आपल्यावर अस्त्रे सोडणारी सोव्हिएत पाणबुडी तो खलाशांसह बुडवितो. पुढे झटापटीत त्याच्या प्रहाराने किटी प्राइड ही शाळकरी वयाची ज्यू मुलगी कोसळते. ती मेली असे समजून तो तिला उचलून घेतो, आणि त्या क्षणी आपले बालपण ऑश्विट्झच्या छळछावणीत गेले हे तो उघड करतो. आपल्या लोकांवर तसा प्रसंग येऊ नये म्हणून ज्याने शस्त्र उचलले, त्याच्याच हातून एक बालक पडले आहे.

या प्रसंगाचे मर्म पूर्ववृत्ताच्या विनियोगात आहे. खलपुरुषाचे पूर्ववृत्त दोन प्रकारे योजता येते. एका प्रकारात ते कृत्याचे कारण होते. दुसऱ्या प्रकारात ते कृत्याचा निकष होते. १९८७ मध्ये ‘क्लासिक एक्स-मेन’च्या बाराव्या अंकात याच क्लेअरमाँटने मॅग्नेटोच्या मुलीचा आगीत झालेला अंत आणि तिला वाचवू न देणाऱ्या जमावावर त्याने घेतलेला सूड वर्णिला. ही कथा हृदयद्रावक आहे. तथापि तेथे पूर्ववृत्त कारणाचे काम करते, आणि कारण कळले की वाचक नकळत क्षमेकडे झुकतो. दीडशेव्या अंकात मात्र भूतकाळ मॅग्नेटोची वकिली करीत नाही. तो साक्षीदार म्हणून त्याच्याविरुद्ध उभा राहतो. ज्यांनी त्याला छळले, त्यांच्या पंक्तीत आपण बसलो हे त्याचे त्यालाच दिसते. दुःख भोगल्याने दुःख देण्याचा अधिकार प्राप्त होत नाही, हा निवाडा येथे नायक देत नसून स्वतः खलपुरुष देतो.

त्याच्या सामर्थ्यालाही या पूर्ववृत्ताने अर्थ दिला. आरंभीच्या कथांत धातू उचलणे आणि वाकविणे हा निव्वळ चमत्कार होता. छावणीची काटेरी तार, फाटक, रूळ आणि बंदुका यांच्या छायेत वाढलेल्या मुलाने पुढे लोखंडावर सत्ता गाजवावी, यात मात्र दबलेल्या आयुष्याची इच्छापूर्ती आहे.

परंतु येथेच गंभीर आक्षेप उपस्थित होतो. ऑश्विट्झमध्ये सुमारे अकरा लक्ष माणसे मारली गेली. त्या स्मृतीच्या शेजारी रंगीत शिरस्त्राण घातलेला पुरुष आणून ठेवणे हा औचित्यभंग नव्हे काय? २००० सालच्या चित्रपटाच्या आरंभी आईबापांपासून तोडलेला मुलगा छावणीचे लोखंडी फाटक वाकवितो. दृश्य परिणामकारक आहे यात शंका नाही. पण प्रत्यक्षात एकही फाटक असे वाकले नाही, आणि कल्पनेने दिलेला हा दिलासा इतिहासाशी प्रतारणा करतो. याउलट ग्रेग पाक आणि कार्मिने दी जानदोमेनिको यांच्या ‘मॅग्नेटो : टेस्टामेंट’ (२००८) या पाच अंकी कथेने संयम पाळला आहे. जर्मन ज्यू कुटुंबातील मॅक्स आइझेनहार्ट हे मुलाचे नाव तेथे निश्चित होते. पण शक्तीचा केवळ आभास मिळतो. शाळेतील भालाफेकीतले यश शक्तीचे की कौशल्याचे, हे वाचकाने ठरवावे. मृतदेह वाहण्याच्या कामावर जुंपलेला हा मुलगा कोणताही चमत्कार करू शकत नाही. सामर्थ्याच्या या अभावामुळेच ती कथा विश्वसनीय होते.

अखेरचा दोष व्यक्तिरेखेचा नसून प्रकाराचा आहे. मालिका अखंड चालते. तिला शेवट परवडत नाही. १९८५ मध्ये मॅग्नेटो न्यायालयासमोर उभा राहिला, प्रतिस्पर्ध्याच्या शाळेचा प्रमुखही झाला. १९९३ मध्ये पुन्हा तोच वुल्व्हरिनच्या हाडांवरचा धातू ओरबाडून काढताना दिसतो. शोकात्म नायकाला आत्मज्ञान एकदाच होते आणि त्याची किंमत तो पुरती मोजतो. मॅग्नेटोला ते ज्ञान मिळते, आणि बाजाराच्या गरजेनुसार हिरावलेही जाते. म्हणून संपूर्ण मालिकेला शोकात्मिका म्हणता येणार नाही. परंतु त्या एका अंकात, बेशुद्ध मुलीला हातांवर घेऊन उभा असलेला हा खलपुरुष शोकात्मिकेच्या उंबरठ्यापर्यंत निश्चित पोचतो. आणि जो प्रकार तेथवर जाऊ शकतो, त्याला केवळ बालरंजन म्हणून बाजूला सारणे समीक्षेला शोभणारे नाही.