बेडूक हवा ओढत नाही, ढकलतो

‘बेडूक व मानव यांच्या श्वसनातील फरक लिहा’ या प्रश्नाचे ठराविक उत्तर आपल्याला पाठच असते. बेडकाची फुप्फुसे साध्या पिशवीसारखी, माणसाची गुंतागुंतीची. बेडकाला बरगड्या नाहीत, श्वासपटल नाही. माणसाला दोन्ही आहेत. आपल्याकडच्या नेहमीच्या बेडकापुरते यात काही चुकीचे नाही. तरीही ही तुलना आम्हाला अपुरी वाटते. बेडकाकडे काय नाही, याची यादी होते. पण मग तो श्वास घेतो कसा, हे कळतच नाही.

या धड्याबरोबर वर्गात काचेची हंडी येते. आत दोन फुगे, तळाशी रबरी पडदा. पडदा खाली ओढला की हंडीतील दाब घटतो आणि बाहेरची हवा शिरून फुगे फुगतात. हे माणसाला लागू पडते, बरगड्यांची हालचाल मात्र त्यात दिसत नाही. बेडकासाठी सायकलच्या पंपाचे उदाहरण अधिक जवळचे. तोंड मिटलेले ठेवून तो तोंडाचा तळ खाली नेतो, नाकपुड्यांतून हवा तोंडात येते. मग कंठद्वार उघडते व फुप्फुसांतील हवा बाहेर पडते. आता नाकपुड्या मिटतात, तळ वर उचलला जातो आणि तोंडातील हवा फुप्फुसांत ढकलली जाते.

बेडकाचा गळा सारखा थरथरतो, तेव्हा प्रत्येक वेळी फुप्फुसे भरतात असे मात्र नाही. बहुतेक वेळा कंठद्वार बंद असते व फक्त तोंडातील हवा बदलते. मध्येच एखादी मोठी हालचाल होते, कुशीही हलतात. तो खरा फुप्फुसाचा श्वास. पावसाळ्यात डबक्याकाठी, बेडकाला हात न लावता, विद्यार्थ्यांना हे पाहता येईल.

‘साधी’ या शब्दाबद्दलही थोडे. माणसाच्या फुप्फुसांत ३० ते ५० कोटी वायुकोश असतात, त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर किंवा त्याहूनही अधिक भरते. बेडकाच्या फुप्फुसांत पडदे कमी. पण त्याची प्राणवायूची गरजही कमी, शिवाय ओली त्वचा मदतीला असते. बराचसा कार्बन डायऑक्साइड त्वचेतूनच जातो. थंड प्रदेशातील काही बेडूक हिवाळाभर पाण्याखाली त्वचेवरच निभावतात. त्वचा वगळून केवळ फुप्फुसांची तुलना करणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय.

बेडकाची पद्धत ‘मागासलेली’ म्हणावी, तर १९५२ सालची कोपनहेगनमधील पोलिओची साथ आठवावी. तोवर ‘लोखंडी फुप्फुस’ रुग्णाच्या छातीभोवतीचा दाब कमी करून हवा आत येऊ देत असे, म्हणजे माणसाच्याच रीतीने. तेथे ही यंत्रे फारच थोडी होती. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून श्वासनलिकेत नळी घालून, रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलण्यात आली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबत बसले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. आजचे व्हेंटिलेटरही बहुधा हवा ढकलतातच.

तेव्हा फरकांच्या यादीऐवजी आम्ही असा प्रश्न सुचवू: माणूस तोंड उघडे ठेवूनही श्वास घेऊ शकतो, बेडकाचे तोंड उघडे राहिले, तर त्याला फुप्फुसांत हवा का भरता येणार नाही?