तांडेलाचे ऋण

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही छोटी कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने ती मराठीत आणली. मानवी जिद्दीची कथा म्हणून ती आपल्याकडे वाचली जाते. हा अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे, असे आम्हांस वाटते. ही कथा लिहिणारा लेखक पोटासाठी समुद्रावर जाणारा कोळी नव्हता. खोल पाण्यात मोठ्या माशांची शिकार करणारा तो एक सधन हौशी होता. हे ध्यानात घेतल्यावाचून या कथेचे खरे मोल हाती येत नाही.

हेमिंग्वे यांनी १९३४ साली ब्रुकलिनच्या गोदीतून ‘पिलार’ ही ३८ फुटी बोट बांधून घेतली आणि तिच्यातून गल्फ स्ट्रीमच्या निळ्या प्रवाहात मार्लिन व टुना यांची शिकार केली. या खेळाची रीत पाहण्यासारखी आहे. हौशी शिकारी खुर्चीत पट्ट्यांनी बांधून बसतो आणि गळाची काठी धरतो. पाण्याचा रंग व पक्ष्यांचे थवे पाहून जागा हेरतो तो मात्र तांडेल. मासा गळाला लागला की बोट मागे घेणे, वळवणे, दोर बोटीखाली जाऊ न देणे, हे सारे त्याच्याच हाती. १९३९ साली या खेळाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. झुंज चालू असताना दुसऱ्या कोणाचा हात काठीला किंवा दोराला लागला, तर ती शिकार विक्रमात धरली जात नाही, असा या खेळाचा नियम आहे. ज्याच्या विद्येवाचून मासा सापडत नाही, त्यानेच हात आवरायचा! विक्रमाचे श्रेय काठी धरणाऱ्याला.

‘पिलार’ची धुरा अनेक वर्षे ग्रेगोरिओ फुएन्तेस यांनी वाहिली. १८९७ साली कॅनरी बेटांत जन्मलेले हे दर्यावर्दी २००२ साली क्यूबात वारले. त्यांच्याआधी कार्लोस गुतिएरेस हे अनुभवी कोळी बोटीवर होते. १९३९ साली आपल्या संपादकांना लिहिलेल्या पत्रात, म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट अचूक उतरावी म्हणून कार्लोसबरोबर त्याच्या होडीतून जाणार असल्याचे हेमिंग्वे कळवतात. हौशी शिकारी येथे शिष्य झाला आहे.

या शिष्यत्वाचे फळ कादंबरीत दिसते. सांतियागोच्या होडीला इंजिन नाही, त्याच्या हाती काठी नाही आणि बसायला खुर्चीही नाही. ‘पिलार’वर तिघाचौघांत वाटलेले काम येथे एकाच म्हाताऱ्या देहावर पडते. जागा तोच निवडतो, दोर तोच पाठीवर घेतो, होडीही तोच सांभाळतो. म्हणूनच तो पुनःपुन्हा त्या मुलाची आठवण काढतो. ही केवळ माया नव्हे. होडीवर एक माणूस कमी असल्याची ती रोकडी जाणीव आहे. लेखकाने हौशी शिकाऱ्याला होडीतून उतरवले आणि तांडेलाला नायक केले, हे या कृतीचे मोठेपण होय.

तरीही एक शंका उरते. एप्रिल १९३६ च्या ‘एस्क्वायर’ मासिकातील लेखात हेमिंग्वे यांनी हीच हकीकत थोडक्यात सांगितली होती. तेथे शार्कांनी मासा खाल्ल्यावर तो म्हातारा होडीत रडत होता. नुकसानीने त्याचे भान हरपले होते. कादंबरीतला सांतियागो रडत नाही. त्याचे हात पाहून रडतो तो मुलगा. शिकारी आपल्या सावजाला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मानतो. पण ८४ दिवस मासा न मिळालेल्या माणसाला तो मासा म्हणजे बाजारातला भाव आणि घरातले अन्नही असते. सांतियागोही भावाचा हिशेब करतो, पण कथेचा कल मानापमानाकडे झुकतो. उत्तन किंवा वसईच्या किनाऱ्यावरील वाचकाला लेखातले ते रडणे अधिक जवळचे वाटेल.

मराठी शीर्षकातला श्लेष गोड आहे. शाळेतल्या कवितेतील चिकाटीचा कोळी त्यातून डोकावतो. मात्र तो कोळी जाळे विणतो, सांतियागोच्या हाती गळाचा दोर आहे. जाळ्यात मासा अडकतो. दोराला मासा आणि माणूस दोघेही बांधले जातात. हा भेद शीर्षकात हरवतो.

सांतियागो स्वतःला धार्मिक म्हणवत नाही. तरी मासा मिळाल्यास कोब्रेच्या मातेच्या यात्रेला जाण्याचा नवस तो बोलतो आणि ‘नमो मरिया’ म्हणू लागतो. १९५४ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकाचे पदक हेमिंग्वे यांनी क्यूबाच्या जनतेला अर्पण केले आणि ते त्याच मातेच्या मंदिरात ठेवले गेले. ज्यांच्या विद्येवर पुस्तक उभे राहिले, त्यांच्याच दारी पदक पोहोचले, हे योग्यच झाले. मात्र तांडेलाचे ऋण पदकाने फिटत नाही. समुद्राची कथा वाचताना काठी कोणाच्या हाती आहे यापेक्षा सुकाणू कोणाच्या हाती आहे, हे वाचकाने विचारावे. त्या ऋणाची खरी आठवण तीच.