दत्तांच्या अंगाईतलं घर

कवी दत्तांची अंगाई बाळाला झोपवण्यासाठी आहे असं मला वाटत नाही. चाल झुलवणारी आहे, हाक बाळालाच आहे. पण त्या बाळाला अजून शब्द कळत नाहीत. म्हणूनच आई त्याच्यापाशी ते सगळं बोलून घेते, जे ती शेजारणीपाशीही बोलली नसती.

दत्त म्हणजे नगरचे दत्तात्रय कोंडो घाटे. जन्म १८७५, मृत्यू १८९९. आज जेमतेम पहिली नोकरी लागते त्या वयात हा माणूस गेला. लहान मुलीने कुत्र्याला मुळाक्षरं शिकवण्याची ती गोड कविता याच दत्तांची. दादा मला शिकवतो, मग मी मोत्याला शिकवते, असा तिचा साधा हिशोब. १८९० च्या दशकात शिकणारी मुलगी कवितेत इतक्या सहज येते, हे मला त्या गोडव्यापेक्षा मोठं वाटतं.

पण अंगाईची जात वेगळी आहे. तिच्यातल्या उपमा बघा. एरवी कवी गरिबीचं वर्णन करायला अंधार आणतात. इथे उलट आहे. संध्याकाळ झाली हे सांगायला आई हातून निसटलेल्या पैशाचा दाखला देते. अंधार समजावायला गरिबाचं मन, निजलेल्या जगासाठी स्वतःच्या थकलेल्या आशा. कामावर नव्या मुलाला सिस्टीम समजावताना आपण ओळखीचं उदाहरण शोधतो, आणि त्या उदाहरणावरून आपलं जग कसं आहे ते कळतं. या बाईच्या ओळखीचं एकच आहे, दारिद्र्य. सूर्यसुद्धा तिला त्यातूनच समजतो. घरात उंदीर दाणा शोधत फिरतात, त्यांना काही मिळत नाही. तेही एक दिवस नातेवाइकांसारखे घर सोडतील, असं ती म्हणते. हे वाचून आधी हसू येतं, मग येत नाही.

घर कुडाचं आहे. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर कुड सांगावा लागत नाही. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लिंपा, आणि लिंपा सुटला की आरपार दिसणारी भोकं. कवितेत ती भोकं आपली गरिबी जगाला दाखवतात, मोडकं दार करकरत तीच गोष्ट लोकांना सांगतं. मग त्याच फटींतून वारा आत येतो, आईचे डोळे सुकवतो आणि तिच्या गाण्याला सूर धरतो. अब्रू घालवणारी फट आणि डोळे पुसणारी फट एकच. दत्तांची खरी ताकद मला इथे दिसते. झोपडं पडेपर्यंत झोपून घे, असंही आई बाळाला सांगते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-मुरूडकडची छपरं उडवली. त्यानंतर ही ओळ आमच्याकडे कुणी नुसती करुण म्हणून वाचेल असं वाटत नाही.

याच काळात अमेरिकेत युजीन फील्ड नावाचा पत्रकार मुलांचा कवी म्हणून गाजत होता. जन्म १८५०, मृत्यू १८९५. त्याच्या १८८९ च्या अंगाईत तीन पोरं लाकडी बुटात बसून आकाशात जातात आणि ताऱ्यांची मासेमारी करतात. शेवटी कळतं की दोघं म्हणजे बाळाचे डोळे, तिसरा डोकं आणि बूट म्हणजे त्याचा बिछाना. सुंदर कल्पना आहे, मला आवडते. पण फील्डचं बाळ घरातून निघून स्वप्नात पोचतं आणि दत्तांचं बाळ घरातच राहतं. जाळं टाकायला जाणं हे ज्या किनाऱ्यावर रोजचं काम आहे, तिथे मला हे दुसरं बाळ जास्त जवळचं वाटतं.

दत्त गेले तेव्हा त्यांचा मुलगा विठ्ठल चार वर्षांचा होता. तेच पुढे रविकिरण मंडळातले वि. द. घाटे, १९५३ च्या अहमदाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वडिलांच्या कविता पुस्तकरूपात आल्या त्या १९२२ साली, मुलाच्याच हातून. ही माहिती कळली की अंगाई लगेच भविष्यवाणी वाटायला लागते, म्हणजे कवीला आपलं मरण आधीच दिसलं होतं वगैरे. मला हे वाचन आळशी वाटतं. कवितेत आवाज आईचा आहे आणि तो आवाज एका तरुण पुरुषाने घडवला आहे. त्याच्या मेहनतीचं श्रेय त्याच्या अकाली मृत्यूला कशाला द्यायचं?

राहिला शेवट. आई बाळाला सत्य सोडू नकोस म्हणते आणि देवावर हवाला ठेवते. परीक्षेतला ‘या कवितेतून काय बोध मिळतो’ हा प्रश्न इथेच बेतलेला. पण त्याआधी तिने बाळाला काय काय दिलंय ते मोजा. सावलीला आकाश, नेसायला दिशा, राहायला रान, धंदा म्हणून भीक. वर विचारते, यातलं चोरीला काय जाणार? मृत्युपत्र लिहावं तशी ती एकेक वस्तू बाळाच्या नावावर करते आहे. सत्यही त्याच यादीत येतं, आणि त्यालाही ती धनच म्हणते.