प्लासिबोचा आकडा आधी वाचा

पुन्हापुन्हा आपोआप गर्भपात होतोय, कारण सापडत नाही, अशा ८३६ स्त्रियांवरची 'प्रॉमिस' ट्रायल (२०१५) वाचाच. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्या ६५.८ टक्के जणींना जिवंत मूल झालं, प्लासिबोवाल्या ६३.३ टक्के जणींना. औषध फेल, म्हणून आपण पान उलटतो. पण प्लासिबोचा गट नसता, तर हेच ६५ टक्के औषधाच्या नावावर जमा झाले असते! कंट्रोल नसलेले महागडे उपचार असेच 'यशस्वी' ठरतात. माझी तक्रार निष्कर्षाबद्दल आहे: तिथे फक्त 'लक्षणीय फरक नाही' एवढंच येतं, तीन गर्भपात सोसलेल्या बाईला धीर देणारे ते ६३ टक्के येत नाहीत. अर्थात, या सगळ्यांना वर्षभरात दिवस गेले होते; ज्यांना गेलेच नाहीत, त्या या हिशोबात नाहीत.