अनुदान हजेरीचे की शिकण्याचे?

शिक्षक-प्रशिक्षणाला सरकार पुरेसा पैसा देत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. आम्हाला मात्र वाटते की, पैसा किती मिळतो याइतकेच तो कोणत्या हिशेबाने मिळतो हेही पाहिले पाहिजे.

२००१ मध्ये सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानात सेवेतील प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला २० दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद होती. त्यासाठी दर होता शिक्षकामागे दिवसाला ७० रुपये. म्हणजे ५० शिक्षकांचा वर्ग २० दिवस चालवला तर ७०,००० रुपये. त्याच सभागृहात १०० शिक्षक बसवले तर १,४०,००० रुपये. जेवणखाण व प्रवासाचा खर्च वाढेल हे खरे. पण मार्गदर्शकाचे मानधन तेवढेच राहील. साहित्याचे संच वाढवले नाहीत, तर प्रत्येकाच्या हाती घट, तार आणि बल्ब येण्याची संधी मात्र निम्मी होईल. अशा हिशेबात गर्दीच सोयीची ठरते.

कोणतेही मापन करताना आपण आधी विचारतो, हे उपकरण नेमके काय मोजते? हजेरीपत्रक माणसे आणि दिवस मोजते. उपयोगिता प्रमाणपत्र खर्च मोजते. प्रशिक्षणाहून परतलेल्या शिक्षकाने मुलांना विद्युत परिपथ स्वतः जोडायला दिला का आणि बल्ब लागला नाही तेव्हा त्याने काय केले, याची नोंद दोन्हींत होत नाही.

२०१८ मध्ये हे अभियान समग्र शिक्षा योजनेत विलीन झाले. पण २०१९ च्या ‘निष्ठा’ कार्यक्रमाची ओळखही सुमारे ४२ लाख जणांचे प्रशिक्षण, अशीच करून दिली गेली. मोजपट्टी फारशी बदलली नाही.

डोकी मोजणे सोपे असते आणि सरकारी पैशाचा हिशेब तपासता यायलाच हवा, हा मुद्दा रास्त आहे. परंतु प्रशिक्षणानंतरचे कामही तपासता येते. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षक सुटीतील प्रशिक्षणात स्वतः प्रयोग करीत. पुढे वर्षभर मासिक बैठका आणि शाळाभेटी होत. वर्गात अडलेला प्रयोग घेऊन बैठकीला येण्याची सोय होती. राज्य सरकारने २००२ मध्ये तो बंद केला. तरी तीस वर्षे हे काम शाळांमध्ये चालले होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अनुदानाचा एक भाग प्रशिक्षणानंतरच्या शाळाभेटी आणि बैठकांसाठीच राखून ठेवावा, आणि त्या झाल्यावरच संस्थेला द्यावा. दर चार शिक्षकांमागे साहित्याचा एक संच ही अट घालावी. वर्गात काय अडले, हे शिक्षकांनी लिहून द्यावे आणि ते कागद हिशेबाला जोडावेत. पुढच्या प्रशिक्षणाला जाल तेव्हा आपणही सही करण्यापूर्वी एवढे विचारा: यानंतर आमच्या शाळेत कोण येणार आहे?